आमचा राजा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची ही पहिलीच खेप. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या कुत्र्याविषयीच बोला, सगळी आळी त्याला ओळखते." कशी ओळखते ते तुम्हांला ठाऊकच आहे! म्हणून झाले तसे सांगते.

थोरल्याने पिल्लू शर्टात घालून आणले. नाव ठेवले राजा. तो सासूबाईंच्या कॉटवर निजायचा. त्या उठवायला गेल्या की गुरगुरायचा आणि आम्ही हसायचो. एवढासा जीव, पण मिजास बघा! वर्षाचा झाला, अंगाने भरला, आणि तीच गुरगुर ऐकून पोटात गोळा येऊ लागला. यांच्यावर कधी नाही. सासूबाई, मी आणि धाकटी यांच्यावर मात्र हमखास. शेजारणी म्हणाल्या, "तो स्वतःला तुम्हां बायकांच्या वरचा समजतो." मला ते पटले. खरे सांगायचे तर जरा लागलेही.

मग यांनी छडी आणली. गुरगुरला की पाठीत एक. पंधरा दिवसांत गुरगुर बंद! आम्हांला वाटले, सुधारला. पुढच्याच आठवड्यात धाकटी कॉटखालचा चेंडू काढायला वाकली, आणि कॉटवरच्या राजाने आवाजही न करता तिच्या हाताचा चावा घेतला.

सासूबाई मिरचीची पूड घेऊन धावल्या. मी लावू दिली नाही. मैत्रिणींनो, जखमेवर मिरची, चुना, हळद काही नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायचे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. राजाला लस टोचलेली होती, तरी धाकटीची सगळी इंजेक्शने पुरी केली. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस हाती लागत नाही.

रात्री हे म्हणाले, "उद्या त्याला नदीपलीकडे सोडून येतो." धाकटी हाताला पट्टी बांधून रडत होती, ती राजा जाणार म्हणून. मी म्हटले, आधी गुरांच्या डॉक्टरांना तरी विचारू.

डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याचे कान पाहिले. एक कान आतून पिकलेला! म्हणाले, "गुरगुर ही त्याची बोली. जवळ येऊ नका, एवढेच तो सांगत होता. छडीने त्याची भीती गेली नाही, बोली गेली." वरचढपणाचेही त्यांनी सांगितले. नावे मी कागदावर लिहून आणली आहेत. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या लांडग्यांची भांडणे पाहून लिहिले, आणि पुढे लोकांनी तेच घरच्या कुत्र्याला लावले. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकातही कळपाच्या म्होरक्याची ती कल्पना होती. रानातले लांडगे पाहिल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच लिहिले, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे.

मी विचारले, "मग यांच्यावर का गुरगुरत नाही?"

डॉक्टर म्हणाले, "ते त्याला कधी उठवतात का? त्याच्या तोंडातले काही काढून घेतात का?"

हे खिडकीबाहेर पाहू लागले. कॉटखाली केर काढणार मी, अंथरूण झटकणार सासूबाई, तोंडातली चप्पल ओढणार धाकटी. गुरगुरायला तो दुसऱ्या कोणाला शोधणार?

कानाचे औषध झाले. कोपऱ्यात गोणपाट घातले. तिथे निजला की त्याला कोणी हात लावायचा नाही. कॉटवर चढला तर ओढायचे नाही. लांबून हाक मारून उकडलेल्या अंड्याचा तुकडा दाखवायचा. तोंडातली वस्तू हवी तर बदल्यात त्याहून चांगली द्यायची. हे सर्वांनी सारखेच करायचे, आणि आमच्या घरी तेच सर्वांत अवघड गेले. धाकटीला त्याच्याजवळ एकटी ठेवत नव्हतो, अजूनही नाही. सकाळ-संध्याकाळ फिरवणे यांच्याकडे दिले.

आठ महिने झाले. परवा तो पुन्हा कॉटवर जाऊन बसला आणि सासूबाईंवर गुरगुरला. मला बरेच वाटले. बोली परत आली म्हणायची. त्या जागच्या जागी थांबल्या, "बरं बाबा," म्हणाल्या, आणि दारातून हाक मारली. आला उठून.

छडीला मी झाडणी बांधली आहे. जळमटे काढायला बरी पडते.