घरगुती फायबर ब्रॉडबँड : वेगाची तक्रार आणि तिचे अर्थशास्त्र



भारतात 'ब्रॉडबँड' या शब्दाला अधिकृत व्याख्या मिळाली ती २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात. सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग देणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, असे त्या धोरणाने ठरविले. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली. २०१२ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने ती २०१५ पर्यंत २ मेगाबिटवर नेण्याचा संकल्प सोडला होता. प्रत्यक्षात ती तेथे पोहोचली २०२३ मध्ये. व्याख्या अशी रखडत चालली असताना शहरांत मात्र घरोघरी प्रकाशतंतू म्हणजेच फायबर पोहोचले आणि शंभर-दोनशे मेगाबिटचे प्लॅन सर्रास विकले जाऊ लागले. व्याख्येच्या शंभरपट वेग विकत घेणारा ग्राहकही 'नेट चालत नाही' अशी तक्रार का करतो? हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञाचा वाटतो. त्याचा बराचसा भाग अर्थशास्त्राचा आहे.

समजा, हुबळीतील एका कुटुंबाने २०० मेगाबिटचा प्लॅन घेतला आहे. मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, भाऊ घरून नोकरी करतो, वडील संध्याकाळी दूरचित्रवाणीवर चित्रपट पाहतात. रात्री साडेआठच्या ऑनलाइन वर्गात चित्र अडकते. मुलगी मोबाइलवर वेग मोजते; आकडा येतो ३८. तक्रार नोंदविली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता कंपनीचा माणूस येतो, आपला लॅपटॉप आपल्याच केबलने थेट भिंतीवरच्या डबीला जोडतो, १९० चा आकडा दाखवितो आणि तक्रार निकाली काढतो. येथे खोटे कोणीच बोलत नाही. दोघांनी दोन वेगळ्या वस्तू मोजल्या आहेत, एवढेच.

बाजारात एका पक्षाला वस्तूच्या गुणवत्तेची माहिती असते, दुसऱ्याला नसते. अशा स्थितीला अर्थशास्त्रात माहितीची असममितता म्हणतात. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन तिचे विवेचन केले आणि २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. ब्रॉडबँडच्या बाबतीत ही असममितता अधिकच गुंतागुंतीची आहे, कारण वेग हा एका साखळीतून येतो आणि त्या साखळीच्या काही कड्या कंपनीच्या मालकीच्या, तर काही ग्राहकाच्या घरातल्या असतात. कोणती कडी कच्ची आहे हे ठरल्याशिवाय जबाबदारी ठरत नाही.

काही तक्रारी तर केवळ एककाच्या असतात. प्लॅन बिटमध्ये विकला जातो. फाइल उतरविताना संगणक बाइट दाखवितो. एका बाइटमध्ये आठ बिट असल्यामुळे २०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट. पडद्यावर २२ चा आकडा पाहून आपली फसवणूक झाली असे समजणारा ग्राहक वास्तविक जवळजवळ पूर्ण वेग मिळवीत असतो. इंग्रजीतील लहान आणि मोठ्या 'बी'मधला हा फरक जाहिरातीत सहसा कोणी समजावून सांगत नाही.

घरातल्या कड्या

तांब्याच्या तारेवर चालणाऱ्या जुन्या ब्रॉडबँडमध्ये टेलिफोन केंद्रापासून घर जितके दूर तितका वेग कमी, असा सरळ हिशेब होता. फायबरमध्ये तो लागू पडत नाही. घरी येणाऱ्या प्रकाशाची पातळी प्रचलित प्रणालीत साधारणतः उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान असली की वेग पूर्ण मिळतो. त्याखाली गेली की चुका वाढतात, जोडणी तुटू लागते आणि पुढे डबीवरचा लाल दिवा लागतो. तंतू खिळ्याभोवती काटकोनात वाकविला किंवा कपाटामागे चेपला गेला की असे घडते. तथापि जोडणी स्थिर आहे, दिवा हिरवा आहे आणि वेग मात्र कमी, अशा वेळी संशय प्रथम घरातील वितरणावर घ्यावा लागतो.

त्यात पहिला क्रम वाय-फायचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच : १, ६ आणि ११. वीस बिऱ्हाडांच्या इमारतीत वीस राउटर याच तीन मार्गांवर गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक वेगवान खरा, पण भिंती आणि स्लॅब ओलांडताना तो लवकर क्षीण होतो. त्यात राउटर ठेवला जातो तो बहुधा केबल जेथून आत आली तेथेच, दूरचित्रवाणीच्या मागे. मुलीच्या मोबाइलवरील ३८ हा आकडा फायबरचा नव्हताच. तो दोन भिंतींपलीकडच्या वाय-फायचा होता. म्हणून वेग मोजायचा तो केबलने जोडलेल्या संगणकावर, इतर उपकरणे बंद ठेवून.

पण केबलही निर्दोष असतेच असे नाही. याच घरात भावाचा संगणक केबलने जोडलेला आहे आणि तेथे आकडा येतो ९४; सकाळीही तोच, रात्रीही तोच. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. गिगाबिट जोडणीला केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात. शंभर मेगाबिटला दोनच पुरतात. केबलच्या टोकाशी एखादी तार निसटली, तर उपकरणे बहुतेक वेळा तक्रार न करता शंभरवर उतरतात आणि वेष्टनाचा खर्च वजा जाता हाती ९४-९५ राहतात. राउटरचे पोर्ट जुन्या शंभर मेगाबिटच्या पिढीतले असले तरी हेच घडते. वेग सर्वकाळ एकाच आकड्याला चिकटून राहत असेल, तर कारण गर्दी नसून असा एखादा अडसर असण्याचा संभव फार मोठा. काही मीटर केबल बदलून जो प्रश्न सुटतो, त्यासाठी अनेक कुटुंबे महागडा प्लॅन घेतात. या खर्चाला गुंतवणूक म्हणणे कठीण आहे.

गर्दीचे गणित

घराबाहेरची कडी वेगळ्या स्वरूपाची आहे. जीपॉन या प्रचलित पद्धतीत एका तंतूतून सेकंदाला सुमारे २,४८८ मेगाबिट खाली येतात आणि विभाजकाद्वारे ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ घरांना प्रत्येकी २०० मेगाबिट विकले, तर एकूण विक्री ६,४०० ची झाली. सर्वांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली, तर वाट्याला येतील जेमतेम ७८. यात लबाडी आहे काय? बँकही सर्व ठेवीदारांचा पैसा तिजोरीत ठेवीत नाही. सगळे एकाच दिवशी येत नाहीत या अनुभवावर ती चालते. येथेही तसेच. जेम्स ब्युकॅनन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या 'क्लब वस्तूं'च्या सिद्धांतातील गर्दीचा प्रश्न हाच : एका मर्यादेपर्यंत सभासद वाढले तर खर्च वाटला जातो, त्यापुढे प्रत्येकाचे समाधान घटते. ती मर्यादा कोठे आखायची हे कंपनी ठरविते, आणि ग्राहकाला ती दिसत नाही. केबलने मोजलेला वेग सकाळी पूर्ण व रात्री निम्मा असेल, तर दोष गर्दीचा आहे आणि तो घरात काहीही बदलून जाणार नाही. अर्थात महिन्याची डेटा मर्यादा संपल्यामुळे वेग उतरविला गेलेला नाही ना, हे आधी पाहावे.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २००६ मधील विनियमांत विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा असा दंडक होता. पण तो सेवापुरवठादाराच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतच्या अंतरापुरता. परदेशातील संकेतस्थळ मंद असेल तर हा दंडक उपयोगी पडत नसे. २०२४ मध्ये त्या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. ब्रिटनने प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला. तेथे 'अमुक वेगापर्यंत' अशी जाहिरात करण्यास दहा टक्के ग्राहकांना तो वेग मिळणे पुरत असे. मे २०१८ पासून रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळी किमान निम्म्या ग्राहकांना मिळणारा वेगच जाहिरातीत देता येतो. पुराव्याचा भार त्यामुळे विक्रेत्याकडे सरकला. ते अधिक न्याय्य आहे, कारण प्रत्येक घरातील प्रकाशाची पातळी कंपनीला आपल्या केंद्रात बसून पाहता येते; ग्राहकाला मात्र ती सिद्ध करावी लागते.

ग्रामीण भागात प्रश्न याच्याही अलीकडचा आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेत गटापासून ग्रामपंचायतीपर्यंतची तार एकसरी होती. रस्त्याच्या कामात ती एके ठिकाणी तुटली की पुढची गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार रचना स्वीकारली गेली, ती यासाठीच.

भारतात वैयक्तिक तक्रारी ट्राय स्वतः हाताळत नाही. तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, नंतर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाते. ग्राहक आयोगाचा मार्ग २००९ च्या एका निकालामुळे बंद झाल्यासारखा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खुला असल्याचे स्पष्ट केले.

हुबळीच्या त्या घरात भावाची केबल बदलल्यावर सकाळचा आकडा १९० झाला. रात्री नऊला मात्र तो ११० वर येतो. मुलीने सलग सात दिवस सकाळी अकरा आणि रात्री नऊ अशा दोन वेळा, केबलने, इतर उपकरणे बंद ठेवून वेग मोजला, तारीख-वेळेसह वहीत उतरविला आणि पडद्याची छायाचित्रे जोडून नवी तक्रार नोंदविली. या वेळी सकाळी अकराला येऊन १९० दाखविणे कंपनीच्या माणसाला पुरणार नाही. त्याला रात्री नऊला यावे लागेल.