लपवलेली वही

(शिवरे, ता. भोर येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मघाशी आपण ओळखी करून घेतल्या. प्रत्येकीने नवऱ्याचं नाव, मुलं किती, गट कुठला ते सांगितलं. मग मी विचारलं, तुम्हाला स्वतःला काय करायचं होतं? आधी सगळ्याजणी हसल्या. नंतर एक वहिनी म्हणाल्या, "आता माझं काय? पोरीचं होऊ दे."

पोरीचं जरूर होऊ दे. पण आपल्या आईने स्वतःसाठी काही राखून ठेवलंय, हे पोरीने कधी पाहिलंच नाही, तर लग्नानंतर तीही हेच म्हणेल.

तुम्ही म्हणाल, हे रिकामा वेळ असलेल्या बायकांचं बोलणं आहे. म्हणून शेजारच्या पुरंदर तालुक्यात वाढलेल्या बाईबद्दल सांगते. बेबीताई कांबळे. जन्म १९२९ चा. लहानपण वीरगावला आजोळी, महारवाड्यात गेलं. शाळा चौथीपर्यंत, लग्न तेराव्या वर्षी. फलटणला त्यांनी आधी द्राक्षं विकली, मग भाजी, मग छोटं किराणा दुकान टाकलं. पुड्या बांधायला दुकानात रद्दी यायची, ती बेबीताई वाचायच्या. वाचता वाचता लिहू लागल्या. लिहिलेलं मात्र घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. एक-दोन वर्षं नाही, तब्बल वीस वर्षं! बाईमाणसाने वाचणं-लिहिणं नवऱ्याला खपणारं नव्हतं. पदरात मुलं, दुकान, स्वयंपाक, आणि त्यातच हे.

फलटणमध्ये राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी प्रोत्साहन दिलं आणि ते लेखन बाहेर आलं. १९८२ साली 'स्त्री' मासिकात क्रमशः छापून आलं, १९८६ साली पुस्तक निघालं, 'जिणं आमुचं'. नाव बघा. 'माझं' नाही, 'आमुचं'. स्वतःला नवऱ्याचा मार बसत होता, हे त्यांनी पुस्तकात लिहिलं नाही, पुढे मुलाखतीत सांगितलं. समाजाचं दुःख त्यांना आधी मांडायचं होतं. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि हे थोडं खुपतंही. एवढ्या धीराच्या बाईनेसुद्धा स्वतःचं दुःख मागेच ठेवलं.

'मनात आणलं तर बाई काहीही करू शकते,' असं हल्ली प्रशिक्षणात सांगतात. मला ते पटत नाही. केंद्र सरकारने २०२४ साली लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. बाईचे जवळजवळ पाच तास झाले. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणं यात धरलेलं नाही. भातलावणी नाही, शिरवळच्या कंपनीतली पाळी नाही. मग मनात आणायचं कधी? वेळ कुणाच्या वाट्याचा कुणाकडे गेला, हे विचारल्याशिवाय स्वप्नाची गोष्ट पुढे जात नाही.

आपल्या गटाचंही तेच. बैठकीत हप्ता, व्याज, सही, की उठलो. कर्ज बाईच्या नावावर आणि दारात मोटारसायकल नवऱ्याची, असंही मी गावोगाव बघते. बाईला त्या पैशातून काय करायचं होतं, हे रजिस्टरच्या कुठल्याच रकान्यात नसतं.

तेव्हा पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी अर्धा तास ठेवूया. प्रत्येकीने एक गोष्ट सांगायची, आपल्या स्वतःची. मुलांची नको. शिवणकाम असेल, भजन असेल, गाडी शिकायची असेल. ज्यांना लिहिता येत नाही त्या सांगतील, मी लिहून घेईन. दोघीतिघींनी दहावीचं विचारलं. शाळा सुटलेल्या बाईला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. त्याची मुदत आणि कागदपत्रं मी विचारून येते. त्या संध्याकाळी पोरांना कोण बघणार आणि भाकरी कोण टाकणार, ते तेवढं घरी आधी बोलून या.