हृदयाभोवतीचं पाणी

'छातीत पाणी झालंय' असं आपण ऐकतो, तेव्हा ते बहुधा फुप्फुसाभोवती असतं. पण हृदयाभोवतीही पाणी साठतं, आणि ते वेळेत ओळखलं नाही तर माणूस हातचा जातो.

हृदयाला दुपदरी पिशवी असते. दोन पदरांच्या मध्ये एरवी 15 ते 50 मिलिलिटर द्रव, वंगणापुरता. बाहेरचा पदर चिवट, एकदम ताणला जात नाही. सुरा लागला, अपघातात छातीला मार बसला आणि तिथं पटकन 200 मिलिलिटर रक्त साठलं, तरी हृदय दाबलं जातं. टीबीत किंवा कॅन्सरमध्ये पाणी हळूहळू वाढतं, पिशवी सैलावत जाते. लिटरभर साठेपर्यंत माणूस हिंडता-फिरता असतो. मग दम लागतो, आडवं पडवत नाही. हृदयाला फुगायलाच जागा नसते. रक्त आत आलंच नाही, तर ते पुढे ढकलणार काय?

अशा वेळी मी आधी मान बघतो. रक्तस्राव किंवा जुलाबांनी बीपी उतरलं की मानेच्या शिरा सपाट होतात. इथं बीपी उतरलेलं आणि शिरा मात्र टरारलेल्या! क्लॉड बेक या अमेरिकन सर्जननं 1935 साली या दोन खुणांना तिसरी जोडली: स्टेथोस्कोपमधून ठोके दुरून आल्यासारखे ऐकू येतात. तिन्ही एकत्र दिसतीलच असं नाही, म्हणून त्यांची वाट बघत बसू नये. मनगटावर बोटं ठेवा, रुग्णाला श्वास घेऊ द्या. आत घेताना नाडी बोटांखाली विरत जाते. इकोमध्ये तर दाबलं गेलेलं हृदय डोळ्यांनी दिसतं.

एक चूक फार महागात पडते. सूज आणि दम बघून लघवी वाढवणारं औषध दिलं जातं. त्यानं हृदयाकडे येणारं रक्त आणखी घटतं आणि बीपी कोसळतं. उपाय एकच, पाणी काढणं. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालून किंवा बरगड्यांमधून, इकोवर बघत सुई घालतात. सिरिंजमध्ये पिवळसर, कधी लालसर पाणी येऊ लागतं. पहिले 50 मिलिलिटर निघतात न निघतात, तोच बीपी चढायला लागतं. जखमेचं रक्त असेल तर मात्र ऑपरेशनच लागतं.

काढलेलं पाणी तपासायला जातं. टीबी निघाला तर औषधं किमान सहा महिने घ्यावी लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मधेच सोडली तर पाणी पुन्हा साठू शकतं.