पाणी घालण्याआधी मूळ पाहू
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज आपण मनी प्लांटविषयी बोलू. प्रशांत महासागरातील मूरिया बेटावरची ही वेल आज आपल्या चाळींत, वसाहतींत, विहारांच्या खिडक्यांत सर्वत्र दिसते. ती पाण्यावाचून सहसा मरत नाही. मरते ती अति पाण्याने. येणारा-जाणारा प्रत्येक जण प्रेमाने तांब्याभर पाणी ओततो. मातीच्या कणांमधील हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरतात व कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वेल मान टाकते, पाने पिवळी पडतात. पाहणाऱ्याला वाटते, तहान लागली! तो आणखी पाणी घालतो. रोग वाढतो तो असा.

म्हणून प्रथम मातीत बोट खुपसून पाहावे. आत ओल असेल तर पाणी थांबवावे. मातीला कुजका वास येत असेल तर वेल कुंडीतून काढून काळी, बुळबुळीत मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. पांढरी, टणक मुळे ठेवावीत. तळाला भोक असलेल्या कुंडीत माती, वाळू व कुजलेले शेणखत भरून ती पुन्हा लावावी.

फार वाढलेली वेल कापायला मन धजत नाही. पण कापल्यानेच एकीच्या दहा होतात. प्रत्येक तुकड्याला निदान एक पेर हवे. नुसत्या पानापासून वेल होत नाही. पेराच्या जरा खाली कापावे, पेर पाण्यात बुडेल व पान वर राहील असा तुकडा बाटलीत ठेवावा. पाणी आठवड्याला बदलावे. साधारण दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. ती बोटभर झाली की तुकडा मातीत लावावा. पाने चावल्यास तोंडाची आग होते, म्हणून लहान मुलांपासून वेल दूर ठेवावी.

फांदीचे मोल आपल्याला ठाऊक आहे. परंपरेनुसार थेरी संघमित्रेने बोधिवृक्षाची शाखा अनुराधपूरला नेली. बोधगयेचा जुना वृक्ष १८७६ मध्ये वादळात कोसळला, तेव्हा श्रीलंकेतील तो वृक्ष उभा होता, आजही आहे.

मित्रहो, अभ्यासिकेतला एखादा मुलगा मागे पडला की आपण सगळे त्याच्यावर उपदेश ओततो. त्याच्या घरी अभ्यासाला जागा आहे का, त्याला रात्री कामाला जावे लागते का, हे कोणी विचारत नाही. मान टाकलेल्या प्रत्येकाला पाणीच हवे असते असे नाही; कुणाला थोडी मोकळी हवा हवी असते. तथागतांनी सोण थेराला वीणेचा दृष्टांत दिला: तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. मदत करणाऱ्यालाही तो लागू आहे.

आणि जे शिकून मोठे झाले, नोकरीला लागले, त्यांनी आपली एक फांदी इथे लावावी. आठवड्याचे दोन तास अभ्यासिकेला द्यावेत. पण तिथे बसल्यावर आधी विचारावे, मग शिकवावे.

एवढे बोलून आम्ही थांबतो. जय भीम! नमो बुद्धाय!