न आवडलेले पुस्तक

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



अशा मंगल प्रसंगी शाळेच्या गौरवाचे चार शब्द बोलावेत, अशी अपेक्षा असते. मी मात्र आज एका अपेक्षाभंगाविषयी आणि त्यातून ध्यानात आलेल्या माझ्याच एका चुकीविषयी बोलणार आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९५४ नंतर दिल्लीला हा मान प्रथमच मिळाला. त्याच उत्साहात आपल्यापैकी काहींनी वाचक मंडळ सुरू केले. पहिले पुस्तक सुचवण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ना. सी. फडके यांची ‘दौलत’ सुचवली.

१९२९ सालची ही कादंबरी मी सोळाव्या वर्षी, पाठ्यपुस्तकाच्या आड लपवून वाचली होती. तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती. जवळजवळ चाळीस वर्षांनी ती पुन्हा उघडली. भाषा तशीच नितळ होती, कथानकाची वीणही घट्ट होती. पुढे ‘प्रतिभासाधन’ लिहून साहित्याचे तंत्र उलगडून सांगणारे हे लेखक. उत्कंठा कुठे ताणावी, कुठे सैल सोडावी, हे त्यांना नेमके ठाऊक होते. पण माझे मन काही हलेना. पुस्तक मिटताना एखादे जुने स्थळ पाहून परतल्यासारखे वाटले.

बैठकीत मात्र मी यातले काही बोलले नाही. सगळे भरभरून स्तुती करीत होते. कादंबरी मराठी, त्यातून बाईंनी सुचवलेली! मीही मान डोलावीत होते. तेवढ्यात एक माजी विद्यार्थिनी म्हणाली, “बाई, या दोघांचे पुढे काय होणार याची मला उत्सुकता वाटली, पण काळजी वाटली नाही. मला कादंबरी आवडली नाही.” मग हसून म्हणाली, “या वेळी गुण कापू नका.”

सगळे हसले. मला मात्र तिचा नववीतला निबंध आठवला. विषय होता ‘मला आवडलेले पुस्तक’. एक पुस्तक आपल्याला का आवडले नाही, ते तिने दोन पाने भरून, कारणे देऊन लिहिले होते. मी तांबड्या शाईने शेरा मारला होता, ‘विषय सोडून लिहिले आहे’, आणि दहापैकी तीन गुण दिले होते.

आपण दिल्लीकर मराठी माणसे मराठी पुस्तकाला नावे ठेवायला कचरतो. आधीच वाचणारे थोडे. त्यात आपणच उणे काढले तर कसे, अशी भीती असते. ती भीती प्रेमापोटीच येते. परंतु या भीतीने मी किती मुलांना खोटी स्तुती शिकवली असेल, हा प्रश्न त्या रात्री मला छळत राहिला. पुस्तक आवडल्याचे नुसते सांगायला ते वाचावेही लागत नाही. न आवडल्याची कारणे द्यायची, तर मात्र ते शेवटपर्यंत वाचावे लागते.

त्या विद्यार्थिनीची मी बैठकीतच क्षमा मागितली. या वर्षापासून नववीच्या निबंधात ‘मला न आवडलेले पुस्तक’ हाही पर्याय ठेवला आहे. अट एकच : पुस्तक पूर्ण वाचलेले असावे आणि कारणे द्यावीत.

मंडळाचे पुढचे पुस्तक तिनेच सुचवले आहे : विभावरी शिरूरकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’. ‘दौलत’नंतर अवघ्या चार वर्षांनी, १९३३ मध्ये, मालतीबाई बेडेकरांनी या टोपणनावाने शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातले लिहिले आणि मोठे वादळ उठले. प्रेमाची तीच ओढ तिथे कशी दिसते, ते आपण मिळून पाहू. आपण सर्वांनी बैठकीला यावे. आवडले नाही, तर तसे मोकळेपणाने सांगावे. या वेळी मीही सांगेन.