कार्यस्थळावरील तिरंगा : अधिकार आणि उत्तरदायित्व



घटना समितीने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. तथापि सामान्य नागरिकाला तो आपल्या कार्यालयावर वा कारखान्यावर वर्षभर फडकविण्याची मुभा त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ नव्हती. ठरावीक राष्ट्रीय दिवस तेवढे त्याच्या वाट्याला येत.

या निर्बंधास आव्हान मिळाले ते एका कारखान्यातूनच. तत्कालीन मध्य प्रदेशातील, आजच्या छत्तीसगडमधील रायगढ येथे उद्योजक नवीन जिंदाल यांनी आपल्या कारखान्यावर तिरंगा उभारला. प्रशासनाने ध्वजसंहितेकडे बोट दाखवून हरकत घेतली. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जिंदाल यांच्या बाजूने कौल दिला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता अमलात आली आणि नागरिकांना व खासगी संस्थांना ध्वज कोणत्याही दिवशी फडकविता येऊ लागला. २३ जानेवारी २००४ रोजी, नेताजींच्या जयंतीदिनीच, सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्वाळा दिला.

मात्र हा अधिकार अनिर्बंध नाही. ‘सन्मानपूर्वक’ हा शब्द त्याचा प्राण आहे. फाटलेला वा मळलेला ध्वज लावू नये. केशरी पट्टा सदैव वर असावा. ध्वजावर अक्षरे नसावीत, त्याचा जाहिरातीसाठी उपयोग करू नये. कंपनीचा ध्वज तिरंग्याहून उंच वा त्याच्या बरोबरीने नसावा. टेबलावरील ध्वजासाठी १५० × १०० मिलिमीटर हा आकार संहितेने दिला आहे. १९७१ च्या कायद्यानुसार राष्ट्रध्वजाच्या अवमानास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिस्टरच्या व यंत्रनिर्मित ध्वजांना अनुमती मिळाली. जुलै २०२२ पासून नागरिकाला तो रात्रीही फडकत ठेवता येतो. ध्वज सुलभ झाला, तशी जबाबदारीही वाढली. १५ ऑगस्टला उत्साहाने लावलेला ध्वज दिवाळीपर्यंत धूळ खात राहिला, तर दोष कुणाचा? म्हणूनच प्रत्येक कार्यालयात ध्वजाची निगा राखणारी एक व्यक्ती नेमलेली असावी. जीर्ण ध्वज कचऱ्यात न टाकता एकांतात, शक्यतो अग्नीस अर्पण करून, आदराने विसर्जित करावा.

ध्वजाखाली बसून कामात कुचराई करणे किंवा लाच घेणे, हाही त्याचा अवमानच होय. कायद्याच्या कलमात तो बसो वा न बसो. भिंतीवरचा तिरंगा हातातल्या कामात उतरावा, यातच त्याचे खरे वंदन आहे.