देव न मानणाऱ्याने भजनास बसावे काय?

(सप्ताहाच्या सहाव्या दिवशी गावच्या सभेत केलेले भाषण)



सप्ताह आला की आपल्या गावात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ज्याचा विठोबावर भाव नाही त्याने मंडपात पाय टाकू नये. दुसरा तट आपल्याच तरुणांचा. ते म्हणतात, देव न मानणाऱ्याने टाळ हाती धरणे हे शुद्ध ढोंग होय. आम्हांस दोघांचेही म्हणणे पटत नाही.

पखवाजाचे कातडे कोणी कमावले? टाळ कोणी ओतले? वीणेचे लाकूड कोणी कोरले? चांभार, ढोर, कासार, सुतार हेच ना? आणि आपण जे अभंग गातो ते रचणारे तरी कोण? नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, सेना न्हावी, चोखोबा महार, दासी म्हणून राबलेली जनाबाई, आणि देहूचे तुकोबा कुणबी. हे सारे भांडवल कष्टकऱ्यांचे आहे. आज्याने खणलेल्या विहिरीचे पाणी पिताना नातू वरुणदेवावर श्रद्धा असल्याचा दाखला देतो काय? मग येथेच तो का मागावा!

पहाटेच्या काकड्याला बसून पाहा. थंडी असते, बुक्क्याचा वास असतो, पखवाज आधी संथ चालतो. मग लय वाढते, चाळीस गळे एका ठेक्यावर येतात आणि पाय आपोआप हलू लागतो. त्यात चमत्कार काही नाही. माणसे एकत्र गाऊ लागली की असे होते, आणि हे सुख घ्यावयास कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या तरुणांनी ते सोडले, म्हणून मंडपात आता भाड्याचे कर्णे आले. त्यांच्या आवाजाने देव जागा होवो न होवो, गावचे आजारी मात्र जागे राहतात.

आपल्या वडीलधाऱ्यांनीही हे सोडले नव्हते. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापणारे जोतीराव निर्मिक मानीत, पण मधला दलाल मानीत नसत. तरी आपले अखंड त्यांनी अभंगाच्याच वळणावर रचले. सत्यशोधक जलसा तमाशाच्या बाजावर उभा राहिला. १९२२ साली पुण्यात जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्याने गणेशोत्सवातच ब्राह्मणेतरांची बाजू गाऊन मांडली. भांडे त्यांनी फेकले नाही, आतले नासके तेवढे ओतून टाकले. गाडगेबाबा तर पंढरीस येत, रस्ते झाडीत, धर्मशाळा बांधीत, वाळवंटात कीर्तन करीत. देवळात दर्शनाला मात्र जात नसत.

पण गोडी घेणाऱ्यावर एक देणे आहे. चोखोबांची समाधी कोठे आहे? महाद्वारापाशी, बाहेर. त्यांचे अभंग आत गाऊन लोक डोलत, आणि त्यांचे जातभाई शतकानुशतके पायरीच्या अलीकडे उभे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणास लावले तेव्हा ते दार उघडले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क तर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपले. कोणी म्हणेल, आम्ही देवच मानीत नाही, देऊळ उघडे काय नि मिटलेले काय, आम्हांस सारखेच. हे सुखवस्तूचे बोलणे झाले. ज्याने आत बसून सूर ऐकला, त्याला बाहेर कोण उभे आहे हे पाहणे चुकत नाही.

म्हणून तरुणांनो, भजनास खुशाल बसा, पखवाज शिका. भाव नसेल तर हात जोडल्याचे सोंग करू नका. कोणी खोचून विचारले तर, आम्हांस गाणे आवडते, देवाचे पटत नाही, असे सरळ सांगा. दक्षिणेच्या ताटात पैसा टाकू नका. तो वाचनालयास द्या. आणि एखादी म्हातारी पायरीवर डोके टेकत असेल तर तिला हसू नका. तिच्या जन्माचे कष्ट तुम्ही वाहिलेले नाहीत. प्रश्न विचारावयाचा तो तिच्या गाठीचा पैसा नवसाच्या नावाने सोडविणाऱ्यास विचारा.

उद्या काला आहे. मातंगवस्तीचे लोक वर्गणी देतात, मंडपाला खांब रोवतात, आणि पंगत मात्र त्यांची वेगळी बसते. ती उद्या एकत्र बसणार की नाही, हे आज रात्री पंचांस विचारावयाचे आहे. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी दिवेलागणीला शाळेपाशी जमावे. येताना टाळही आणावेत. तेथून भजन करीतच मंडपात जाऊ.